भर कीर्तनातला सवाल

मी वनमाला, युसूफ वडगावची आशाताई, म्हंजी सरकारी दवाखान्याची आशा सेविका. तोंडानं फटकळ हाय, पण गावातल्या बायांचं माझ्याबिगर चालत न्हाई.

आमच्या गल्लीतल्या धनश्रीला तिसऱ्यांदा दिवस गेले. मांडीवरचं लेकरू सात महिन्यांचं, त्याच्या वक्ताचे सिझरचे टाके अजून दुखतेत, अन् अंगातलं रगत सहावर आलेलं. केजच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, पोट ठेवलं तर जिवाला धोका हाय, याच आठवड्यात या, रीतसर कागद करून मोकळं करू.

पण धनश्री हटून बसली. मागल्या हरिनाम सप्त्यात आमच्या गावच्या रामकिसन महाराजांनी समद्या माळकरी बायांकडून शपथ घेतलती, गर्भ पाडणार न्हाई म्हणून. "आधी महाराजांची माळ त्यांना परत करते, मंगच दवाखान्यात जाते," म्हणली.

नेलं तिला. महाराज भले माणूस. म्हणले, "आगं पोरी, ती शपथ सोनोग्राफीत पोरगी बघून पाडणाऱ्यांसाठी होती. तू जा. माळ ऱ्हाऊ दे गळ्यात."

झालं का काम? कुठलं! सासू केशरबाई म्हणली, "महाराज असं बोलतेलच कसे? कीर्तनाच्या गादीवरून समद्यांसमोर सांगू द्या, मंग मानते." धनश्री नुसती रडायला लागली. मी परत जाऊन महाराजांना विनवलं. ते म्हणले, "चारचौघांत न्हाई जमणार, वनमाला. लोक म्हणतेल, महाराज गर्भ पाडायला सांगतेत." असं डोकं फिरलं माझं! शपथ घ्यायला माईक, अन् बाईचा जीव वाचवायला कुजबूज?

धनश्रीचं नाव तर घेता येईना. संध्याकाळी भर कीर्तनात मीच उठले.

"महाराज, मला दिवस गेलेत. अंगात रगत न्हाई, डॉक्टर ठेवू नको म्हणतेत. मी माळकरीण. काय करू?"

केशरबाईसकट समद्या बाया खुदखुदल्या. माझं वय सत्तेचाळीस! टाळकऱ्यांतले माझे मालक विठ्ठलराव टाळ वाजवायचे इसरले. महाराजांना समदं कळलं. मंग माईकमधी म्हणले, "डॉक्टर म्हणतेल तसं कर, माय. जीव वाचवण्यात पाप न्हाई. शपथ देताना मीच नीट सांगितलं न्हाई, चूक माझी."

सकाळी केशरबाईनंच धनश्रीला जीपमधी बसवलं. मी चप्पल घातली, तर दारात आणखी एक बाई उभी. तोंडावर पदर घेतलता, तरी वळखलं मी. महाराजांची धाकटी सून होती.

"काकू, मला बी न्या," ती म्हणली. "दिवस जाऊन दोन महिने झाले, मामंजींना इचारायची हिंमतच होईना."