विमानाचे डोहाळे

रुख्माबाईने दुधाच्या गंजावर परात पालथी घातली, परातीवर वरवंटा ठेवला आणि गोठ्यात जाऊन कालवडीचं दावं ओढून पाहिलं. विहिरीवर जुनी ताडपत्री तिने रात्रीच अंथरली होती. दवंडीत सांगितलेलं सगळं झालं होतं. आदल्या संध्याकाळी कोतवाल डफडं वाजवत गावभर फिरला होता. सकाळी विमान येऊन कपाशीवर औषध फवारणार आहे, तरी विहिरी झाकाव्यात, जनावरं बांधावीत आणि माणसांनी घरात राहावं. गावाने विहिरी झाकल्या, जनावरं बांधली. माणसांचं तेवढं कोणी मनावर घेतलं नाही. विमान दारावरून जाणार आणि माणसांनी घरात बसायचं, म्हणजे सांगणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

"आत्याबाई, चाला ना! येऊन जाईन ते," भागीरथा दारातून म्हणाली.

"येते तं येऊ दे. तू हळू चाल. खाली पाहून चाल."

"विमान पाह्याले चाललो अन् खाली काऊन पाहू?"

रुख्माबाईला हसू आलं. सुनेला सातवा महिना होता. अंगाने भरली होती, पण पायात वारं शिरल्यासारखी सकाळपासून घरभर फिरत होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. विमानातल्या माणसाला वरून एवढं सगळं दिसणार होतं की काय कोण जाणे. पण रुख्माबाईनेही आपलं धुतलेलंच लुगडं काढलं होतं, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.

गेल्या खेपेला भागीरथाने खायला वर्ध्याचा गोरसपाक, तिथला खुसखुशीत गोड पाक, मागितला होता. तेव्हा तुरीची कामं चालू होती. रुख्माबाई म्हणाली, पुढच्या आठवड्यात कोणी वर्ध्याला गेलं की आणू. त्या आठवड्यातच पोरीचं पोट रिकामं झालं. डॉक्टरांनी काही वेगळंच कारण सांगितलं, गावातही कोणी रुख्माबाईला बोल लावला नाही. तिने मात्र तो गोरसपाक कायमचा मनाला लावून घेतला. डोहाळा राहिला म्हणून लेकरू राहिलं नाही, हे तिच्यापुरतं पक्कं होतं. या खेपेला ही पोर मागेल ते द्यायचं, असं तिने चुलीपुढे बसून स्वतःला बजावलं. गाभुळलेली चिंच दिली, चुलीची भाजकी माती दिली, जाम गावच्या हॉटेलातली भजी एस.टी.च्या कंडक्टरच्या हातून मागवून दिली. आकाशातलं मागितलं तरी द्यायची तिची तयारी होती. आणि पोरीने नेमकं आकाशातलंच मागितलं.

"मले त्या विमानाच्या खाली उभं राहावं वाटते," विमान येणार हे कळलं त्या दिवशी भागीरथा म्हणाली होती. "अगदी खाली."

रुख्माबाईने लगेच हो म्हटलं होतं.

बांधावर सगळं गाव गोळा झालं होतं. म्हातारा तानबा काठी टेकत आला होता. देवकाबाईने तर घरून मुरमुरे आणि शेंगदाणे बांधून आणले होते, म्हणजे किती वेळ थांबावं लागेल याची काळजी नाही. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती आणि बोंडांत अळी पडली होती. एरवी या दिवसांत अळीचं नाव काढलं की लोकांचे चेहरे पडायचे. आज अळी नसती तर विमान आलं नसतं, म्हणून तिच्यावरही कोणाचा फारसा राग उरला नव्हता.

शेताच्या दोन्ही टोकांना झेंडेवाले उभे होते. विमान त्यांच्याकडे पाहून सरळ रेघेत यायचं, आणि ते गेलं की झेंडेवाल्याने चार पावलं सरकायचं. या टोकाचा पांढरा झेंडा भागीरथाच्या नवऱ्याच्या, चंद्रभानच्या हातात होता. आपला मुलगा विमान चालवतो आहे, असंच रुख्माबाईला त्याच्याकडे पाहून वाटत होतं. फवारणीवाल्यांचे श्रीधर साहेब जीपमधून येऊन त्याला दोन गोष्टी समजावून गेले. त्यांच्या हातांत कोपरापर्यंत रबराचे मोजे होते, नाकातोंडाला फडकं होतं.

"विमान जवळ आलं की खाली बसायचं आणि तोंड झाकायचं," ते म्हणाले.

"हो साहेब," चंद्रभान म्हणाला. जीप धुरळा उडवत गेल्यावर त्याने आईकडे पाहून डोळा मिचकावला. "खाली बसलो तं त्याले झेंडा दिसन कसा? हे लोकं बी!"

सरपंच सदाशिवराव टोपी सारखी करून बांधावर चढले. त्यांना जमाव दिसला की बोलावंसं वाटे.

"ध्यानात ठेवा आजचा दिवस. आपले नातू-पंतू म्हनतीन, आमच्या आज्यानं विमानानं फवारा मारला. नाव काढतीन आपलं!"

"नाई तं काय," देवकाबाई म्हणाली. "आमी आपल्या फडक्यात पावडर बांधून झाडाझाडावर झटकत राह्यलो."

ते खरंच होतं. रुख्माबाईचा सगळा जन्म त्या पावडरीत गेला होता. हात पांढरे व्हायचे, ते लुगड्याला पुसून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकर खायची, तोंड थोडं कडू लागायचं. पोरींच्या केसांत उवा झाल्या की तीच पावडर चोळायची. ज्वारीच्या कोठीत तीच टाकायची. पातळ औषध आलं तेव्हा ते बादलीत कालवायला काठी कोण शोधत बसतो, हातच घालायचा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. अंगणातल्या तुळशीला पाणी घालावं तितकं ते रोजचं होतं.

आवाज आधी तानबालाच आला, आणि तोच गावात सगळ्यांत बहिरा होता.

"आलं!"

जामच्या बाजूने झाडांच्या शेंड्यांवरून पिवळं विमान निघालं. पाहता पाहता ते एवढं खाली आलं की बायकांनी माना आत ओढल्या आणि त्याच वेळी वर पाहिलं. चाकं दिसली. पंखांखालच्या नळ्या दिसल्या. काचेमागे चालवणाऱ्याचं डोकं दिसलं आणि अख्खं गाव एका तोंडाने ओरडलं. चंद्रभान दोन्ही हातांनी झेंडा हलवत ताठ उभा होता. विमान त्याच्या डोक्यावरून गडगडत गेलं आणि मागे पांढरं धुकं सोडत गेलं. ते धुकं हळूहळू कपाशीवर, बांधावर, माणसांवर उतरू लागलं.

"आत्याबाई, जाऊ?"

"जा," रुख्माबाई म्हणाली. "पडजो मात्र नको."

भागीरथा कपाशीत शिरली. विमान पलीकडच्या टोकाला वळून परत येत होतं. तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हात वर केले आणि मान मागे टाकून उभी राहिली. विमान आलं. वाऱ्याने तिचा अंबाडा सुटला. चालवणाऱ्याने हात हलवला. तो तिलाच हलवला की चंद्रभानला यावरून नंतर दोघांचं घरी बरंच भांडण झालं, पण त्या क्षणी भागीरथा एवढ्या मोठ्याने हसली की आवाजातूनही ते हसू रुख्माबाईला ऐकू आलं. लग्न होऊन आल्यापासून ही पोर अशी हसली नव्हती. गेल्या खेपेनंतर तर नाहीच. रुख्माबाईचे डोळे भरून आले. ती स्वतःच कपाशीतून वाट काढत सुनेजवळ गेली आणि दोघी जणी हात धरून त्या धुक्यात उभ्या राहिल्या. केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बारीक थेंब बसत होते. वास उग्र होता, पण त्यात कुठेतरी गोडसरपणा होता, घासलेटात गूळ विरघळवल्यासारखा.

"फिरलं!" भागीरथा ओरडली आणि सासूचा हात ओढून तिने पोटावर ठेवला. "पाहा, पाहा. त्याले बी आवडलं."

तळव्याखाली दणकन एक लाथ बसली. डोहाळा पुरा झाल्याची याहून मोठी खूण रुख्माबाईला नको होती.

दुपारी सदाशिवरावांनी औषधाचे रिकामे डबे बैलगाडीतून आणून चावडीपुढे ठेवले. चांगले जाड पत्र्याचे, झाकणाचे डबे, असे बाजारात मिळतात कुठे? देवकाबाईला कोपराने बाजूला सारून रुख्माबाईने एक पटकावलाच. राखेने घासून, उन्हात वाळवून तिने तो न्हाणीत चुलाण्याशेजारी ठेवला. बाळाचं पाणी तापवायला होईल. संध्याकाळी चंद्रभानचे डोळे लाल झाले, डोकं धरलं. दिवसभर आकाशाकडे पाहिल्यावर होणारच. भागीरथा जेवली नाही, पण पोर हरखली की तिचं पोट असंच भरतं. तिला केसांवरून पाणी घ्यायचं होतं, त्याला मात्र रुख्माबाईने ना केली. पितृपक्ष चालू होता आणि दुसऱ्या दिवशी अण्णाजींची, रुख्माबाईच्या नवऱ्याची, तिथी होती. बाईने आदल्या दिवशी डोक्यावरून न्हाऊ नये अशी त्या घरची रीत होती. भागीरथाने नुसते हातपाय धुतले.

तिथीला स्वयंपाक लवकर झाला. उडदाचे वडे, खीर, कढी, अण्णाजींना आवडायची ती गवारीची भाजी. चंद्रभानने सगळं पानावर वाढून पान छपरावर ठेवलं आणि हाक दिली.

"काव, काव!"

दरवर्षी हाक पुरी व्हायच्या आत कावळे यायचे. एवढे की पान वाचवायला काठी घेऊन बसावं लागे. आज कडुलिंबावर एकही नव्हता. चंद्रभानने पुन्हा हाक दिली. रुख्माबाई अंगणात येऊन उभी राहिली. खीर पानावर घट्ट होत गेली. गावात कुठूनच कावकाव येत नव्हती, ना चिमण्यांचा कलकलाट. कालच्या आवाजाने कान बधिर झाले असतील असं तिला आधी वाटलं.

"अण्णाजीची काईतरी इच्छा राह्यली असन," तानबा वाटेवरून म्हणाला. "कबूल करून टाक, येईन कावळा."

रुख्माबाईने हात जोडले. नातवाला तुमचंच नाव ठेवू, तिने कबूल केलं. लिंबाच्या शेंड्यावर काही हललं नाही. भागीरथाला कामाला लावणार नाही. पोराला शिकवू, वर्ध्याला पाठवू. इच्छा तरी कोणती राहिली? या घरात एकाही जिवाची इच्छा राहू नये म्हणून ती सात महिने राबली होती. तिला रडू यायला लागलं आणि रागही आला. तिने चंद्रभानकडून पान उतरवून घेतलं, पदराखाली धरलं आणि शेताकडे निघाली. धुऱ्यावरच्या बाभळीवर कावळ्यांची वस्ती होती. ते येत नसतील तर आपण जाऊ.

कपाशी काय सुंदर दिसत होती! पानं तेलकट चमकत होती आणि तासातासात, ओळींच्या मधे, मेलेल्या अळ्यांचा सडा पडला होता. बाभळीखाली कावळे होते. पंख पसरून, चोची उघड्या टाकून, कोणी उताणे, कोणी कुशीवर. एकाच्या चोचीत अर्धी अळी तशीच होती.

एक अजून जिवंत होता. रुख्माबाई त्याच्यापुढे उकिडवी बसली. पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने मान उचलली, मान लटलटली आणि खाली गेली. तिने बोटावर खीर घेऊन त्याच्या चोचीला लावली. खीर चोचीवरून मातीत ओघळली. कावळा समोर होता, पान समोर होतं, आणि तो शिवत नव्हता. त्याच्या पिसांना एक वास येत होता. उग्र, गोडसर. तिने तेच बोट नाकाशी नेलं, मग आपल्या न धुतलेल्या केसांची बट नाकाशी नेली. मग एकदम उठली. वयाला न शोभेल अशी घराकडे धावत सुटली.

भागीरथा ओसरीवर केस मोकळे सोडून बसली होती.

"शिवला काय कावळा?"

"चाल न्हाणीत. न्हाऊ घालून देतो तुले."

"आता? अन् तुमी धावत काऊन आल्या?"

"चाल म्हनलं ना."

चुलाण्याशेजारचा नवा डबा तिने पायाने दूर सारला. तो कलंडून भिंतीशी गडगडत गेला. माळ्यावरचा तांब्याचा जुना गुंड काढून त्यात तिने पाणी तापत ठेवलं. शिकेकाई घातली, रिठे घातले, आणि सुनेला पाटावर बसवून केसांच्या मुळापासून घासायला लागली. फेस गेला की पुन्हा शिकेकाई. मग पुन्हा. खांदे, गळा, पोट. भागीरथा आधी हसत होती, मग कुरकुरायला लागली.

"कातडं निघन आत्याबाई."

रुख्माबाईने तिचे केस नाकाशी धरले आणि पुन्हा तांब्या भरला.

"हे सांगत होते, पंधरा दिवसानं विमान पुन्हा येते," भागीरथा डोळे मिटून म्हणाली. हरखलेपणा अजून तिच्या आवाजातून गेला नव्हता. "झेंडा तेच धरतीन. मी बी जाईन. या वेळी तं मी त्याले आधीच हात हलवीन, विमानवाल्याले."

"नाई."

भागीरथाने डोळे उघडले. सात महिन्यांत एकाही डोहाळ्याला हा शब्द तिने सासूच्या तोंडून ऐकला नव्हता.

"चंद्रभान बी नाई जानार," रुख्माबाई म्हणाली.

"पन माहा डोहाळा? तुमीच तं म्हनता, मोडू नाई म्हनून." भागीरथाचा ओठ लहान पोरीसारखा पुढे आला. तिने ओल्या पोटावर हात ठेवला. "हे लेकरू मोठं होऊन नावं ठेवन तुमाले."

रुख्माबाईने तांब्या खाली ठेवला. सुनेच्या हाताशेजारी तिने आपला तळवा ठेवला आणि वाट पाहिली. बराच वेळ काही हललं नाही. मग आतून, अगदी हलकेच, काहीतरी सरकलं.

"ठेवू दे," ती म्हणाली. "आधी मोठं तं होऊ दे."

आणि तिने पाण्याचा तांब्या पुन्हा सुनेच्या डोक्यावर ओतला.