गल्लीत नसलेला शिंपी

मी एक जुनी गिटार आहे. माझ्या पोटावर डाव्या बाजूला एक लांब ओरखडा आहे आणि माझ्या सहा खुंट्यांपैकी एक मूळची नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा आपल्या मोठेपणाचं सांगतात. मलाही तसं दोन-चार गोष्टींचं सांगता येईल. पण ज्या गोष्टीसाठी मी आज तोंड उघडलं आहे, ती सांगताना मान खाली घालावीशी वाटते, आणि गिटारीची मान किती ताठ असते ते तुम्ही पाहिलंच असेल.

माझा जन्म फर्निचरच्या दुकानामागच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथला सुतार पोटासाठी खुर्च्या करायचा आणि जीव रमवायला गिटारी. माझी पुढची फळी त्याने मुद्दाम निवडून आणली होती. पाठ मात्र एका कपाटाच्या कामातून उरलेल्या लाकडाची आहे. पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा त्याने एक तार छेडली, माझ्या अंगाला कान लावला आणि स्वतःशीच म्हणाला, "बोलते बरं का!" माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं ते वीज कंपनीत नुकत्याच लागलेल्या एका तरुणाने. घरोघर फिरून मीटर वाचणं हे त्याचं काम. त्याचं नवीन लग्न झालं होतं आणि बायकोवर छाप पाडायची होती. तीन महिने त्याने माझ्याशी झटापट केली. मग बोटं दुखायला लागली. "उद्या वाजवतो" असं म्हणत म्हणत त्याने चौतीस वर्षं काढली. मी आधी भिंतीवर होते, मग दाराच्या मागे, मग कपाटावर सुटकेस आणि जुन्या रजया यांच्या मधे. माझ्या पोटात इतकी धूळ साचली की कुणी शिंकलं तरी मी घुमेनाशी झाले.

त्यांची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. अडतीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. निवृत्त झाल्यावर तिला घर फार गप्प वाटायला लागलं. एके दिवशी कपाट आवरताना तिने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि माझ्या सैल तारांवरून तिचं बोट फिरलं. मी "ढ्यॅव" असं काहीतरी बोलले. ती खळखळून हसली.

"अहो, ही जिवंत आहे अजून!"

"असेल," मीटरवाले म्हणाले. "माझ्या हातून मरण्यापुरती वाजलीच कुठे ती!"

अशी मी बाईंची झाले. त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं. जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी बिनहातांची खुर्ची ठेवायची, साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, त्यातल्या शिकवणाऱ्याकडे बघत बघत बोटं लावायची. माझ्या मानेवरच्या पडद्यांवर तारा दाबून दाबून त्यांच्या बोटांवर वळ उठायचे. तशातच त्यांना मोबाइलवर एक ग्रुप सापडला. त्याचं नाव 'उशिरा सूर'. साठीनंतर वाद्य हातात घेतलेल्यांसाठीच तो होता. बाई धरून चौदा जण होते, चौदा गावांतले. प्रत्येकाने दर रविवारी आपलं वाजवलेलं रेकॉर्ड करून तिथे टाकायचं आणि बाकीच्यांचं ऐकायचं, एवढाच नियम. ग्रुप चालवणारे गृहस्थ निवृत्त गुरांचे डॉक्टर होते आणि अकॉर्डियन वाजवायचे. त्यांनीच आमच्या बाईंचं नाव 'हॅलोबाई' पाडलं.

बाईंनी पहिल्यांदा टाकलं ते आठ ओळींचं एक साधं गाणं होतं. माझी खालची तार उतरलेली होती, मला कळत होतं, पण सांगणार कसं? दोन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. बाई दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडायच्या आणि काही झालं नाही असं दाखवत मिटायच्या. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली. "ताई, तिसऱ्या ओळीच्या शेवटचा सूर फार छान लागलाय. मी चार वेळा ऐकला."

लिहिणारे होते शिंपीदादा. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर पाय चालवून त्यांनी दुकान मुलाकडे दिलं होतं आणि चौसष्टाव्या वर्षी क्लॅरिनेट हाती घेतलं होतं. बाईंनी ती ओळ चष्मा लावून तीनदा वाचली, मग मीटरवाल्यांना वाचून दाखवली. त्यानंतर बोटांचं दुखणं लिहिलं, तर उत्तर आलं, "सुई टोचून टोचून आमची बोटं अशीच निबर झाली. पंधरा दिवस सोसा, सोडू नका." बाईंनी सोसलं. मित्रांनो, आज मला जे काही थोडंफार वाजवलं जातं, त्यात त्या माणसाचा वाटा आहे.

आणि आता ऐका आम्ही काय केलं ते.

शिंपीदादांच्या त्या पहिल्या ओळीला दोन वर्षं झाली होती. बाईंचा हात चांगला बसला होता. ग्रुपवर त्यांची वाहवा व्हायची आणि खरं सांगायचं तर ती आम्हा दोघींच्या थोडी डोक्यात गेली होती. शिंपीदादा मात्र होते तिथेच होते. वरचा सूर आला की त्यांचं क्लॅरिनेट दर वेळी किंचाळायचं. त्या रविवारी सकाळी बाईंनी आपलं गाणं रेकॉर्ड केलं. छान झालं. खुशीत त्यांनी मला मांडीवर आडवं केलं, आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्या. तेवढ्यात मीटरवाले चहा घेऊन आले.

"आज शिंपीदादांचं ऐकलंस का?"

"ऐकलं ना! मला वाटलं कुकरची शिट्टी अडकली."

"मी तर गॅस बंद करायला उठलो होतो!"

"अहो, आणि तो वरचा सूर! शिडी लावून चढतात बिचारे, आणि वर पोचले की शिडीच घसरते. हे असं, बघा." असं म्हणून बाईंनी माझ्यावर चार सूर चढत नेले आणि पाचव्याला तार मुद्दाम वाकडी ओढली. मी किंचाळले, अगदी हुबेहूब. नक्कल इतकी बेमालूम झाली की दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तरी तू त्यांना दर आठवड्याला 'वा वा' लिहितेस."

"मग काय करू? लिहावं लागतं. गरीब बिचारा माणूस."

मित्रांनो, बाई हसल्या, मीटरवाले हसले, पण नक्कल माझ्या तारांनी केली होती. ती लाज माझी स्वतःची आहे, मला ती कुणावर ढकलता येत नाही.

चहा झाला. बाईंनी घाईने रेकॉर्डिंग थांबवलं आणि पुन्हा न ऐकताच ग्रुपवर टाकून दिलं. तासाभराने गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज फार जपून येत होता.

"हॅलोबाई, तुमच्या रेकॉर्डिंगला शेपूट राहिलंय."

"म्हणजे?"

"शेवटपर्यंत ऐका म्हणजे कळेल."

बाईंनी ऐकलं. गाणं संपलं. कपबशी वाजली. मग कुकर, मग शिडी, मग माझी किंकाळी. बाईंचा हात माझ्या मानेवर होता. तो झटकन सुटला. त्यांनी रेकॉर्डिंग पुसून टाकलं, पण तोवर नऊ जणांनी ऐकलं होतं आणि खाली नेहमीप्रमाणे सर्वांत आधी शिंपीदादांचीच ओळ होती. "ताई, दुसरी ओळ आज अगदी मोकळी वाजली." ते कुणाचंही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकत. म्हणजे ही ओळ त्यांनी सगळं ऐकून लिहिली होती.

तेव्हाच माफी मागितली असती तर गोष्ट तिथे संपली असती. पण बाई घाबरल्या. त्यांनी लिहिलं, "गैरसमज नसावा. आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत, ते सनई शिकतात. त्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं."

मित्रांनो, आमच्या गल्लीत सायकलवाला आहे, चावी करून देणारा आहे, कात्र्यांना धार लावणारा आहे. शिंपी नाही.

ग्रुपवर लगेच उत्तरं आली. "असं होय!" "असतील असतील." "आम्ही तर नीट ऐकलंही नाही." इतक्या पटापट सगळ्यांनी खोट्यावर विश्वास ठेवला! शेवटी शिंपीदादांचं आलं. "काही हरकत नाही ताई." पुढच्या रविवारी त्यांनी काही टाकलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाईंनी मला पेटीत घातलं आणि पेटी पलंगाखाली सारली. मीटरवाले म्हणायचे, "एवढं काय त्यात? माणसं हसतातच." अंधारात माझ्या तारांना गंज चढला. एक तार कुणी न छेडता आपोआप तुटली, तरी पेटी उघडायला कुणी आलं नाही. पूर्वी कपाटावर चौतीस वर्षं काढली होती, पण तेव्हा माझा काही दोष नव्हता. हे सहा आठवडे त्याहून लांब वाटले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ग्रुपचे सगळे मोबाइलवर एकमेकांना बघत गप्पा मारायचे. एक शनिवार बाईंनी डोकेदुखीचं निमित्त करून चुकवला. दुसऱ्याला मात्र त्यांनी पेटी बाहेर काढली, मला मांडीवर घेतलं, तुटक्या तारेसकट, आणि साखरेच्या डब्यापुढे बसल्या. बारा चेहरे दिसत होते. शिंपीदादांचा नव्हता.

"मला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत कुणी शिंपी नाही."

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "ते आम्हाला माहीत होतं, हॅलोबाई. आम्हीही गप्प बसलो. तुमच्याइतकंच आमचंही चुकलं."

"माझ्याइतकं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांचा नंबर द्या."

अडतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या त्या बाईंची बोटं तो नंबर लावताना दोनदा चुकली. मीटरवाले शेजारी येऊन बसले. "हसलो मीपण. माझंही सांग," ते हळूच म्हणाले.

"दादा, मी हॅलोबाई. ते तुमच्याबद्दलच होतं. आणि नंतर लिहिलं ते खोटं होतं."

"माहीत आहे ताई," शिंपीदादा म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "हसलात त्याचं इतकं नाही हो. माझं वाईट वाजतं ते मला रोज ऐकू येतं, मला कान आहेत. पण तुम्ही म्हणालात, लिहावं लागतं. त्या रात्री जेवण झाल्यावर गेल्या दोन वर्षांतलं तुम्ही मला लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून काढलं. त्यातलं खरं कोणतं, ते मला ओळखताच येईना."

मला वाटलं, आता त्या 'सगळंच खरं होतं' म्हणतील आणि सुटतील. पण त्या म्हणाल्या, "बरंचसं अर्धं ऐकूनच लिहिलं होतं, दादा. कधी कधी न ऐकताही."

"एखादं तरी?"

"एकदा तुम्ही मधेच चुकलात, 'थांबा थांबा' म्हणून स्वतःच हसलात आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलंत. ते मी दोनदा ऐकलं. त्याला लिहिलं ते खरं होतं."

"आणखी?"

"खात्रीने सांगता येईल असं एवढंच."

फोनमधून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मुलाचं काम चाललं असावं. शेवटी ते म्हणाले, "बरं. एक तर एक."

त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. "आता मला वा वा नको," एवढंच म्हणाले. "ऐकायचं तर पूर्ण ऐका." तेव्हापासून दर बुधवारी दुपारी बाई त्यांना फोन लावतात. ते वाजवतात आणि बाई मला मांडीवर घेऊन ऐकतात, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. जे आवडलं ते सांगतात, नाही आवडलं तर तेही सांगतात, आणि कधी नुसतंच "ऐकलं दादा" म्हणतात. क्लॅरिनेट वर चढायला लागलं की माझ्या तारा थरथरतात. बाई त्यांच्यावर हळूच तळवा ठेवतात.

अकरा आठवड्यांनी शिंपीदादांनी ग्रुपवर पुन्हा आपलं रेकॉर्डिंग टाकलं. सगळ्यांना आनंद झाला. वरचा सूर होता तसाच घसरला. पण खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. "चुकलंय, सांभाळून घ्या." पूर्वी ते असं काही लिहीत नसत, वाजवायचे आणि टाकून द्यायचे. आता दर रविवारी ती ओळ असते. बाई एकदा फोनवर म्हणाल्या, "दादा, ते नका ना लिहू." ते म्हणाले, "सवय लागली हो ताई," आणि दुसरंच काही बोलायला लागले.

मित्रांनो, माझी तुटलेली तार बाईंनी बदलली, गंज पुसला. आमच्यासारख्यांचं तसं होऊन जातं. पण ती ओळ पुसणं आम्हा दोघींच्या हातात नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं साठी-सत्तरीचं माणूस काही नवं शिकत असेल, चुकत असेल, तर हसू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? खोटी स्तुती करा असंही म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. त्यांच्याजवळ जा, खुर्ची ओढून बसा, आणि त्यांचं वाजवून होईपर्यंत उठू नका.