उजवी बाजू वर

किमोनो नेसताना डावी बाजू उजवीवर घेतात. उजवी वर आली, तर नेसणारा माणूस मेलेला असतो. जपानात प्रेताला तसं नेसवतात.

—

"कार्टूनवर पीएचडी? म्हणजे बघायची की काढायची?" असं विचारणारे दाताचे डॉक्टर.

—

ओसाकाहून आलेल्या बॅगेतून निघाल्या सांधेदुखीच्या पट्ट्या, हिरव्या चहाची चॉकलेटं, एक घडीची छत्री आणि एक जुनं पुस्तक.

—

अंधेरीच्या सभागृहात टाळ्या थांबेनात. सूत्रसंचालकाने माइक काखेत धरला आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

—

"नायकाचा डावा हात हे व्यवस्थेला दिलेलं मूक आव्हान आहे." हे वाक्य पुढे बऱ्याच जणांनी आपापल्या लेखांत वापरलं.

—

आता नीट सांगायचं तर, जान्हवी दहिसरची. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी तिथे खोली घेतली. वडील गेले, आता घरात ती आणि आई रुक्मिणी. जान्हवी मालाडच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवायची आणि उरलेला जीव मांगावर, म्हणजे जपानी कॉमिक्सवर, लावायची. मुंबईत असा अभ्यास करणारी माणसं आहेत हे आधी लोकांना पटवावं लागे. मग तो अभ्यासच आहे हे पटवावं लागे. तिथवर समोरच्याचा चहा संपलेला असे.

मग तिने 'उजवी बाजू वर' हा निबंध लिहिला आणि वारं फिरलं.

निबंध होता युद्धानंतरच्या टोकियोतल्या एका कुटुंबाच्या मांगावर. घरातली बाकीची मंडळी शर्ट-पँटमधली. किमोनो नेसते ती एकटी आई, आणि पहिल्या पानापासून उजवी बाजू वर घेऊन नेसते. पुस्तकात यावर कोणी अवाक्षर काढत नाही. जान्हवीने लिहिलं: आई गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली आहे. मुलं जिच्याशी भांडतात, जिच्या हातचं जेवतात, ती आता नाही, आणि हे चित्रकाराशिवाय कोणालाच ठाऊक नाही. अंधेरीच्या चर्चासत्रात तिने हे वाचलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. ते दाताचे डॉक्टरही नंतर म्हणाले, "बरंच खोल असतं हो यात!"

मुलुंडच्या एका प्रकाशकाने मांगावर मराठी लेखांचं पुस्तक काढायचं ठरवलं. संपादक दोघं: जान्हवी, आणि बोरिवलीचा केयूर, जो दिवसा बँकेची सॉफ्टवेअरं सांभाळायचा आणि एरवी जपानी ॲनिमेशनवर लिहायचा. पुस्तकाचं नाव निबंधाचंच. मुखपृष्ठावर तीच आई. फक्त मुखपृष्ठासाठी जरा स्वच्छ चित्र हवं होतं, म्हणून केयूरने ओसाकात राहणाऱ्या मामेबहिणीला मूळ जपानी पुस्तक आणायला सांगितलं होतं.

बहिणीला यायला उशीर झाला. प्रकाशकाने थांबायचं नाही असं ठरवून होतं ते चित्र छापूनही टाकलं. पुस्तक आलं ते मागाहून.

"ये ये, तुझी म्हातारी आलीय जपानहून," केयूर दार उघडत म्हणाला.

जान्हवीने पुस्तक उजव्या बाजूने उघडलं, जपानी पुस्तक उघडतात तसं. पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. पुस्तक मिटलं. पिशवीतून आपली इंग्रजी प्रत काढली, जिच्यावरून सगळा निबंध लिहिला होता.

"केयूर, आरसा कुठेय?"

"बाथरूममध्ये. का गं, काजळ पसरलं?"

ती दोन्ही पुस्तकं घेऊन आत गेली. इंग्रजी पान तिने आरशासमोर धरलं. आरशातल्या आईने किमोनोची डावी बाजू वर घेतली होती. दुसऱ्या हातातल्या मूळ पुस्तकातही डावीच वर होती. धडधडीत जिवंत बाई, मुळे चिरत बसलेली.

पूर्वी अमेरिकेत मांगा छापताना चित्रं आरशातल्यासारखी उलटी करत. तिकडच्या वाचकाला डावीकडून उजवीकडे जायची सवय, त्याची गैरसोय नको म्हणून. जान्हवीला हे माहीत नव्हतं असं नाही. ती हे दरवर्षी शिकवायची, पहिल्याच आठवड्यात, फळ्यावर चित्र काढून.

आणि खुणा काय कमी होत्या? नायक डाव्या हाताने लिहीत होता. तिने लिहिलं, बंड. टोकियोच्या रस्त्यावर गाड्या उजव्या बाजूने धावत होत्या. तिने लिहिलं, अमेरिकन सत्तेची सावली. जे जे चुकलेलं दिसलं, त्याला तिने अर्थ दिला. अर्थ देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"वाट लागली," ती बाहेर येऊन म्हणाली.

"कोणाची?"

"निबंधाची. आई जिवंत आहे रे."

केयूरने दोन्ही पानं शेजारी ठेवली. दोन्हींतले किमोनो ताडून पाहिले. मग हसायलाच लागला. "म्हणजे तू एका जित्या बाईला चाळीस पानं मारून ठेवलंस?"

"हसू नकोस. निबंध काढायचा. छपाई थांबव."

"मुखपृष्ठ छापून झालंय, बाई. नाव छापून झालंय. तो निबंधच काढला तर उरतं काय? माझा रोबोंवरचा लेख? तो मीसुद्धा परत वाचणार नाही."

"मग खोटं छापायचं?"

"खोटं कसलं? चित्रकाराचा हेतू गेला खड्ड्यात, वाचकाला दिसतं तेच खरं, हे दर चहाला कोण ऐकवतं मला?"

"हे वाचकाला दिसलेलं नाहीये, छापखान्याने फिरवलेलं आहे!"

"मग तसं लिही ना. उलटवलेल्या चित्रांत जिवंत बाई मेलेली कशी दिसायला लागली. झकास निबंध होईल यार."

तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "होईल. पण तो वेगळा निबंध आहे. त्याला महिना लागेल. देशील महिना?"

केयूर चॉकलेटचा कागद उलगडत बसला. म्हणजे नाही.

तिने प्रकाशकाला फोन केला. निदान शुद्धिपत्र तरी जोडा, म्हणाली. प्रकाशक समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, "शुद्धिपत्रात काना-मात्रा सुधारतात, मॅडम. अख्खा निबंध नाही सुधारत."

मग तिने घाटकोपरला पद्मजा मॅडमना फोन लावला. मॅडम तिच्या पीएचडीच्या गाइड. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जान्हवी, या विषयात तुला तपासणारं इथे आहे कोण? उगाच कशाला जिवाला लावून घेतेस?"

त्या धीर देत होत्या. जान्हवीला मात्र कोणी कानाखाली वाजवावी तसं झालं. इतकी वर्षं तिला नेमकं तेवढंच हवं होतं: तपासणारं कोणीतरी. जो म्हणेल, ए बाई, पान बघ, नीट बघ, चुकलीस. अंधेरीत भरलेल्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यात असा एकही माणूस नव्हता.

घरी रुक्मिणी भात वाढता वाढता थांबली. "काय झाला गो? तोंड कित्याक असा?"

"माझं चुकलंय, आई. पुस्तकात."

"लोक टाळये वाजवित होते मां? मगे?"

"त्यांनाही कळलं नाही."

"तुका कळला मां? मगे सांग त्यांका," रुक्मिणी म्हणाली आणि आमटी वाढून मोकळी झाली.

प्रकाशन त्याच सभागृहात झालं. तेच पेढे, तोच सूत्रसंचालक. जान्हवी बोलायला उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "या पुस्तकातला पहिला निबंध चूक आहे. मी उलटी चित्रं पाहिली. ही आई मेलेली नाही. नायक डावखुरा नाही. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतायत. कृपा करून हा निबंध खरा मानू नका."

मग मागून एक टाळी पडली, आणि मग सगळं सभागृह. मागच्या वेळेपेक्षा जास्त.

अध्यक्ष उठले. असा विनय आज कुठे पाहायला मिळतो, म्हणाले. नंतर गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ आले. "मॅडम, ते आरशाचं रूपक फार आवडलं."

"रूपक नाही हो. आरसाच. बाथरूममधला."

"वा! वा!" त्यांनी पेन पुढे केलं. "सही द्या."

एका बाईंना मुलाला कोणतं ॲनिमे दाखवावं ते विचारायचं होतं. प्रकाशक कानाशी येऊन म्हणाले, दुसरी आवृत्ती काढावी लागणार, दिसतंय. केयूर लांबून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होता.

जान्हवीने माइक पुन्हा ओढून घेतला. "कोणाला काही विचारायचंय? चुकीबद्दल?" तिचा आवाज चढला होता. "एक साधा प्रश्न आहे. पहिल्यांदा तोच विचारायला हवा. विचारा ना!"

लोक पेढ्यांच्या टेबलाकडे वळले होते. सूत्रसंचालकाने हळूच तिच्या हातातून माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली.

मूळ पुस्तक आधीच का नाही पाहिलं, हे कोणीच विचारलं नाही. ते वाचता येईल एवढं जपानी जान्हवीला निबंध लिहायच्या आधीपासून येत होतं.