सतरा नंबरच्या पुस्तकाच्या कडा

मी सतरा नंबरचं जुनं पाठ्यपुस्तक आहे. नाव विचाराल तर माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच झिजली, आता नंबर हीच ओळख. मित्रांनो, माझं कव्हर उघडलंत तर आतल्या बाजूला एक चौकोनी कागद चिकटवलेला दिसेल. आमच्याकडे शाळा वर्षभरासाठी पुस्तकं देते आणि मे महिन्यात परत घेते. म्हणून त्या कागदावर रकाने आखलेले आहेत. विद्यार्थ्याचं नाव, साल, पुस्तक दिलं तेव्हा कसं होतं, परत आलं तेव्हा कसं होतं. उत्तर एका शब्दात लिहायचं : नवं, चांगलं, बरं किंवा वाईट. डॉक्टरसुद्धा रोग्याबद्दल याहून दोन शब्द जास्त बोलतो.

एकोणीसशे एकाहत्तरच्या शरदात मी चाळीस भावंडांबरोबर खोक्यातून या शाळेत आलो. पोटात कथा, कविता, अंगाला डिंकाचा वास. पहिल्या ओळीत माझ्याबद्दल ‘नवं’ असं लिहिलं गेलं आणि मला फार अभिमान वाटला. पण आमचं गाव दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातलं, लोखंडाच्या खाणीचं. इथली लाल धूळ दप्तरात, जेवणाच्या डब्यात आणि पुस्तकाच्या कडांवर सारखीच बसते. एकानं मला बर्फावर खेळायच्या बुटांखाली कोंबलं, त्या पात्याचा ओरखडा अजून माझ्या पाठीवर आहे. एकीनं साठाव्या पानावर अक्रोडाच्या गोड पावाचा तुकडा ठेवून परीक्षेचा अभ्यास केला. ती पास झाली, डाग माझ्याकडे राहिला. बारा वर्षांत मी ‘नवं’वरून ‘बरं’वर आलो. राग यायचा, पण खरं दुःख वेगळंच होतं. इतक्या मुलांनी मला उघडलं, मात्र माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

मग त्र्याऐंशी साली मी वेस कोस्केलाच्या हाती आलो.

वेस शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. उंच, कायम भुकेला, आणि हातात पेन्सिल असली की गप्प न बसणारा. तो माझ्या पानांच्या कडांवर लिहू लागला. आधी मला अपमान वाटला. छापील पानावर पोराटोरांनी लिहायचं म्हणजे काय! एका गोष्टीतल्या लबाड वकिलाशेजारी त्यानं लिहिलं, ‘याला एक सणसणीत ठेवून द्यायला हवी.’ एका कवितेखाली लिहिलं, ‘बरी आहे, पण या कवीला मासे धरता येत नसावेत.’ हळूहळू मी त्याच्या पेन्सिलीची वाट पाहायला लागलो. ती तो इतकी दाबायचा की टोक मोडायचं. मला दुखायचं, पण कुणीतरी उत्तर देतंय याचं सुख त्याहून मोठं होतं.

त्याला साहित्य शिकवणाऱ्या झुपानबाईंनी एक दिवस हे पाहिलं. बाई ठेंगण्या, कडक आणि बोलायला तिखट.

“वेस, पुस्तक शाळेचं आहे. तुझ्या बापाचं नाही.”

“बापाचं असतं तर त्यांनी माझा हात मोडला असता, बाई.”

“मे महिन्यात शेवटचं अक्षर खोडून दिल्याशिवाय तुला शाळेच्या निरोप समारंभाचा झगा मिळायचा नाही. लक्षात ठेव.”

“खोडतो की. त्याआधी तुम्ही एकदा वाचा.”

बाई हसू दाबत निघून गेल्या. त्यांनी ते वाचलं नाही. वेळ आहे असं सगळ्यांनाच वाटतं.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी वेस बर्फगाडी घेऊन गोठलेलं तळं ओलांडायला निघाला. मध्यावर बर्फ फुटला आणि तो बुडाला. शिपायानं त्याचं लॉकर रिकामं केलं तेव्हा मी हातमोज्यांखाली सापडलो. झुपानबाईंनी मला कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवलं. वेसच्या ओळीतला शेवटचा रकाना त्यांनी भरला नाही आणि मला दुसऱ्या कुणाला दिलंही नाही.

गावानं मात्र आपला रकाना भरला. ‘कोस्केलांचं पोर तळ्यावर वाढलेलं. मार्चमध्ये बर्फ कच्चा होतो, हे त्याला कळलं नाही होय?’ असं लोक कुजबुजत. म्हणजे तो चुकून गेला की जाणूनबुजून, हा प्रश्न. समोर कुणी विचारत नसे, म्हणून त्याला उत्तरही देता येत नसे.

तीन वर्षं मी अंधारात काढली. मग वेसची धाकटी बहीण जनेल शेवटच्या वर्षात आली. तिनं पुस्तकांकडे पाठ फिरवली होती. वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची. ऑक्टोबरमध्ये जेवणाच्या सुट्टीत एका मुलीनं ती कुजबुज तिच्या तोंडावर उच्चारली आणि जनेलनं तिच्या थोबाडीत मारली. शिक्षा म्हणून तिला शाळा सुटल्यावर बसवलं. झुपानबाईंना त्या दिवशी सभा होती. घाईत त्या म्हणाल्या, “कपाटातली पुस्तकं काढ आणि पेन्सिलीचं जे दिसेल ते खोड. मी तासाभरात येते.”

त्या मला विसरल्या होत्या. मित्रांनो, इतकी साधी चूक होती ती.

जनेलनं कव्हर उघडलंच नाही. मला पहिल्या धड्यापाशी फाकवलं, खोडरबर घेतलं आणि घासायला लागली. डोळे घड्याळावर, दात आवळलेले. जिच्या गालावर मारलं होतं तिलाच जणू ती अजून घासत होती. वकील गेला. मासे धरता न येणारा कवी गेला. छप्पन्नाव्या पानावर वेसनं कवितेच्या चारी बाजूंनी लिहिलं होतं, तिथं तिनं इतका जोर लावला की माझा कागद पातळ झाला. मला ओरडायचं होतं. पुस्तकाला ओरडता येत नाही, ही आमच्या जातीची शोकांतिका आहे.

एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला. तिथं लिहिलं होतं, ‘हे नेलला वाचून दाखवायचं.’

तिला नेल म्हणणारा जगात एकच माणूस होता.

तिनं कव्हर उलटलं आणि भावाचं नाव पाहिलं. बाई परत आल्या तेव्हा ती खोडरबराचा चुरा टेबलावरून गोळा करत होती, जणू तो पुन्हा चिकटवता येणार होता.

“बाई, मी वाचलंच नाही,” ती म्हणाली. “मी नुसतं खोडलं.”

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. “चूक माझी आहे, पोरी. मी ते वेगळं ठेवलं होतं.”

“छप्पन्न पानावर खूप होतं. त्यात बर्फ असा शब्द होता, एवढाच डोळ्यांसमोरून गेला. त्यानं तिथं लिहिलं असेल ना? का गेला ते?”

बाईंनी टेबलावरचा दिवा ओढला, त्याची मान अगदी खाली वाकवली आणि मला त्या तिरप्या उजेडात धरलं. माझ्या पांढऱ्या कडांवर बारीक सावल्या उमटल्या. वेसनं पेन्सिल दाबून लिहिलं होतं. शिसं गेलं होतं, पण घाव राहिले होते.

“रोज शाळा सुटली की ये,” बाई म्हणाल्या. “पण पहिल्या पानापासून. तो कशाला उत्तर देतोय हे कळलं तरच पुसट अक्षर लागेल. आधी मधला मजकूर वाच, मग कडा.”

“माझा भाऊ, आणि वाट मी बघायची?”

“हो. थेट छप्पन्नवर गेलीस, तर ज्याची भीती वाटते तेच दिसेल.”

जनेलनं ऐकलं नाही. मला दप्तरात लपवून घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली छप्पन्नावं पान धरलं. तीनच शब्द लागले. बर्फ. परत. नाही. तिनं मला मिटलं आणि चार दिवस ती शाळेत गेली नाही.

पाचव्या दिवशी झुपानबाई घरी आल्या. जनेलच्या आईनं कॉफी ओतली.

“कळलं मला, बाई,” जनेल म्हणाली. “बर्फावरून परत यायचं नाही, असं लिहिलंय त्यानं.”

“किती शब्द लागले?”

“तीन.”

“तीन शब्दांवर मी निबंधाला मार्क देत नाही. आणि तू माणसाचा निकाल लावतेस? गावात आणि तुझ्यात फरक काय मग?”

हे फार लागलं तिला. आईचा हात कॉफीच्या भांड्यावर तसाच राहिला. पण दुसऱ्या दिवशी जनेल मला घेऊन वर्गात हजर झाली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ. रोज दुपारी दिव्याची मान वाकायची. जनेल आधी गोष्ट वाचायची, मग कडेवरच्या सावल्या, मग पुन्हा गोष्ट. लागलेली ओळ ती वहीत उतरवून घ्यायची. सुरुवातीला ती अंदाज ठोकून द्यायची आणि बाई विचारायच्या, “हे लिहिलंय, की तुला हवंय?” या एका प्रश्नानं तिला रडवलं, चिडवलं आणि शिकवलं. वकिलाची गोष्ट वाचून ती भावासारखीच हसली. फेब्रुवारीत एका कवितेपाशी ती म्हणाली, “इथं वेसचं चुकलंय. त्यानं शेवटचं कडवं नीट वाचलेलं नाही.” बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून त्या तिच्याशी बरोबरीच्या माणसासारख्या वाद घालू लागल्या.

छप्पन्नाव्या पानाची पाळी मार्चमध्ये आली. कविता अशी होती : एक शेतकरी गोठलेल्या नदीवरून पलीकडच्या शेजाऱ्याकडे निघतो. मध्यावर बर्फ कडकडतो आणि तो मागे फिरतो. एवढंच. जनेलनं ती चार वेळा वाचली. मग दिवा वाकवला. कागद पातळ झालेला, एकेका शब्दाला अर्धा अर्धा तास लागला. तिसऱ्या दिवशी पूर्ण ओळी हाती आल्या आणि तिनं त्या मोठ्यानं वाचल्या.

‘हा माणूस बर्फाला भिऊन अर्ध्यातून परत फिरला. बाई याला शहाणपण म्हणतात. मला पटत नाही. मे महिन्यात हे खोडायच्या आधी बाईंशी यावर एकदा मनसोक्त भांडायचं आहे.’

बाईंचा चेहरा पडला. “त्याला पटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आणि मला ते ठाऊकच नव्हतं. वाच म्हणाला होता गं तो मला.”

“तो मुद्दाम गेला नाही, बाई.”

“तसं इथं लिहिलेलं नाही.” हे म्हणताना बाईंचा आवाज फाटला, पण त्यांनी ते म्हटलं.

जनेलनं वहीतल्या त्या ओळींखाली बोट ठेवलं. “नाही लिहिलेलं,” ती म्हणाली. “पण मे महिन्यात भांडायचं होतं, हे लिहिलंय.”

“हो. ते लिहिलंय.”

“मग ते भांडण मी करते.”

मे महिन्यात, पुस्तकं परत करायच्या दिवशी, जनेल कोस्केला वर्गासमोर उभी राहिली. जिच्या थोबाडीत मारली होती ती मुलगीही समोर होती. जनेलनं आधी भावाची बाजू इतक्या तळमळीनं मांडली की कुणी हललं नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, “आता माझं. वेसचं चुकलं. परत फिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा निघू शकतो.” एवढं बोलून ती खाली बसली. झुपानबाईंनी वाद जिंकल्याचा आनंद दाखवला नाही. त्या खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी जनेलला खोडरबर दिलं नाही, पेन दिलं. माझं कव्हर उघडलं आणि वेसच्या ओळीतल्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. परत आलं तेव्हा पुस्तक कसं होतं? नवं, चांगलं, बरं, वाईट, हे चार शब्द तिला माहीत होते. तिनं यातला एकही लिहिला नाही. तिनं लिहिलं, ‘वाचलेलं.’

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पावाचा तुकडा पानात ठेवू नका, बुटांखाली कोंबू नका. म्हातारं पुस्तक एवढं मागणारच. पण मला खरं मागायचं आहे ते निराळं. कुणाचं लिहिलेलं पुसायची वेळ आली, तर आधी ते वाचा. पूर्ण वाचा. तीन शब्दांवर थांबू नका.

जनेल पुढं शिकायला दूरच्या एका मोठ्या सरोवराकाठच्या शहरात गेली. बाईंनी माझं नाव शाळेच्या यादीतून काढलं आणि मला तिच्या आईकडे पोचवलं. या माउलीनं जन्मात कविता वाचली नव्हती. आता संध्याकाळी कॉफी झाली की ती दिव्याची मान खाली वाकवते, आणि आधी मधला मजकूर वाचते, मग कडा. माझी शिवण उसवली आहे, छप्पन्नाव्या पानातून पलीकडचं दिसतं. गेल्या आठवड्यात तिनं कव्हर उघडून शेवटच्या रिकाम्या ओळीत आपलं नाव लिहिलं. ‘दिलं तेव्हा कसं होतं’ या रकान्यापाशी ती जरा थबकली, आणि मग तिनं लिहिलं, ‘चांगलं.’