गाठीच्या जागी बसलेली क्लिप

मित्रांनो, मी एक जुनी क्लिप आहे. केसांची नव्हे हं! तांदळाच्या दाण्याहून लहान, टायटॅनियम धातूची. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं माझं मीच म्हणते, कारण मला पाहिलेली माणसं फार थोडी. लोखंडी गेटं बनवणाऱ्या एका बाईच्या डाव्या स्तनात माझं घर आहे.

तिला तिथे गाठ जाणवली आणि तपासणीत कॅन्सर निघाला, तेव्हा तिच्या सासूबाई रडत म्हणाल्या, "सगळंच काढून टाका, पण माझ्या सुनेचा जीव वाचवा."

सर्जनबाई म्हणाल्या, "आजी, गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे. गाठ आणि भोवतीचा थोडा निरोगी भाग काढू, मग रेडिएशन देऊ. दोन्ही केलं की उपचार सगळं काढण्याइतकाच पक्का होतो, आणि स्तनही राहतो."

काय हात होता त्यांचा! गाठ अलगद काढली आणि रिकाम्या जागेच्या कडांना मला आणि माझ्या बहिणींना बसवलं. रेडिएशनवाल्यांना नेमकी जागा दिसावी, एवढ्यासाठीच आमचा जन्म. काढलेल्या भागाच्या कडाही तपासणीत स्वच्छ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत.

तिथेच घोटाळा झाला. जखम भरताच बाई वर्कशॉपमध्ये परतली आणि रेडिएशनला जाईचना. "गाठ गेली, कडा स्वच्छ. आता उगाच कशाला?" मी आत तळमळत होते. मला तोंड असतं तर ओरडले असते!

तोंड होतं तिच्या ताईला. कळल्याबरोबर ती वर्कशॉपमध्ये येऊन थडकली. बाई एका गेटाचा गंज खरवडून त्यावर प्राइमर लावत होती.

"गंज तर निघाला. मग हे कशाला फासतेस?"

"अगं ताई, डोळ्यांना न दिसणारा गंज कुठेतरी उरतोच. हे नाही लावलं तर..." बाई बोलता बोलता थांबली.

"बोल की! लोखंडाची एवढी काळजी, आणि स्वतःची?" ताईने तिचा ब्रशचा हात धरला. "मला तू हवी आहेस गं."

बाईने ब्रश ठेवला. "चल, हात धुऊन येते."

डॉक्टरांनी स्कॅनमध्ये आम्हाला पाहून किरणांचा नेम धरला. बाईची त्वचा काळवंडली, अंगातलं त्राण गेलं, पण तिने एकही खाडा केला नाही. धन्य तिची!

आता आमचं काम संपलंय. वर्षातून एकदा मॅमोग्राफीत काय ते दर्शन. मित्रांनो, आपल्या आईला, मावशीला सांगा: गाठ जाणवली तर लपवू नका, आणि बरं वाटलं म्हणून उपचार अर्धवट सोडू नका.

परवाच वर्षाची तपासणी झाली. बाहेर बाकावर सासूबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या.

"काय गं, काही निघालं का?"

"काही नाही, आई. फक्त त्या जुन्या क्लिपा दिसतात."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "मग राहू दे बापड्यांना!"