दगडाच्या अलीकडे

माझा भाऊ नुमेरियस कुंभार होता. आम्ही त्याला ट्रिब्यून निवडलं तेव्हाही चाकावरची माती त्याच्या नखांतून गेली नव्हती. ट्रिब्यून म्हणजे आम्हा साध्या माणसांचा कैवारी. त्याच्या अंगाला जो हात लावील त्याला कुणीही ठार मारावं, अशी शपथ सगळ्यांनी घेतली होती. राज्य चालवणाऱ्या कॉन्सलचे दंडधारी कुणाला ओढून नेऊ लागले की नुमेरियस मध्ये जाऊन उभा राही आणि ‘मी मना करतो’ म्हणे. खानदानी लोक दातओठ खात, पण माणूस सुटे. मी बाजारातून मान ताठ करून फिरत असे, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी लढाईसाठी पुन्हा माणसं हवी होती. शहरात ट्रिब्यून आडवे येतात म्हटल्यावर कॉन्सलने डोकं चालवलं. त्याने आपली खुर्ची उचलून वेशीबाहेर, मैलाच्या दगडापलीकडे नेऊन मांडली. ट्रिब्यूनची सत्ता त्या दगडापर्यंतच. कायदा होताना खानदान्यांनी ते कलम घुसवलं होतं, आणि आम्ही आनंदाच्या भरात तिकडे काणाडोळा केला होता. शहरात दंडधाऱ्यांच्या जुडीत नुसत्या छड्या असतात. बाहेर त्यात मुंडकं उडवायची कुऱ्हाडही खोचतात.

नाव पुकारल्यावर जो येणार नाही त्याचं शेत कापून काढायचं, असा हुकूम सुटला. आमचं शेत पलीकडेच. माझा लेक वोपिस्कस, जुळ्यातला वाचलेला एकुलता, आधीच्या मोहिमेवरून नुकता परतला होता. शेतात दंडधारी घुसले तेव्हा तो बैल सोडवायला धावला आणि त्याने एकाला ढकलून पाडलं. तेवढं पुरे झालं.

मी भावाच्या दारात गेले. तो चाक फिरतं सोडून माझ्याबरोबर धावत सुटला. मागोमाग आळीतली माणसंही निघाली. दगडापाशी मात्र त्याचे पाय थांबले.

पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, वोपिस्कसला खांबाला बांधलं होतं.

“मी मना करतो,” नुमेरियस ओरडला.

दंडधाऱ्याने कॉन्सलकडे पाहिलं. कॉन्सल खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

“तिथून घसा कशाला बसवून घेताय? या की इकडं. इकडं आलात की तुम्ही नुसते कुंभार. मडकी बरी भाजता म्हणे.”

त्याचे लोक हसले.

“मामा,” वोपिस्कस म्हणाला, “चार पावलं तर आहेत. या ना.”

मी हळूच म्हटलं, “नुमा, जा रे. पाया पडते तुझ्या.”

“ताई, तिकडे गेलो तर ते मलाही बडवतील.”

“मग खा की मार. भाचा आहे तुझा.”

“माराला भीत नाही गं. पण एकदा मला हात लागला की उद्या चौकातही लागेल. मग कुणाचाच पोरगा सुटायचा नाही.”

“लोकांच्या पोरांचं मला काय सांगतोस?”

तो दगडाच्या अलीकडेच उभा राहिला. त्याचं खरं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा त्या कॉन्सलचाही आला नाही.

छड्या पुष्कळ वेळ चालल्या. वोपिस्कस आधी मामाला हाका मारत होता, नंतर मला, नंतर कुणालाच नाही. कुऱ्हाडीची गरज पडली नाही. आळीतली माणसं एकेक करून दगड ओलांडून गेली आणि लढाईसाठी नावं देऊन आली. त्यांना मी बोल लावत नाही.

मग मी गेले. कुणी अडवलं नाही. काखेत हात घालून मी माझ्या लेकाला ओढत आणलं, मनगटांना दोरी तशीच होती. दगडाच्या अलीकडे आल्यावर नुमेरियस खाली बसला. त्याने वोपिस्कसच्या छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हा माझ्या आश्रयाला आहे. याला कुणी हात लावायचा नाही.” वेड्यासारखा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला.

एक दंडधारी आपली दोरी परत न्यायला मागोमाग येत होता. तो दगडापाशी थबकला.

“राहू दे ती,” मागून कॉन्सल म्हणाला. “कायदा तो कायदा.”

दंडधाऱ्याने ट्रिब्यूनपुढे मान लववली आणि तो दोरी न घेताच मागे फिरला.