ओलं गोणपाट

येसाजीरावांच्या घराण्यातून घोडा गेला, रिसाला गेला, महाराजांची चाकरीही गेली, पण घोड्याची काळजी काही गेली नाही. पणजोबा आणि आजोबा म्हैसूरच्या रिसाल्यात होते. वडील भुजंगराव जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते, पण तबेल्याचं ज्ञान असं पाजळायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच खरारा करून आलेत! उन्हाळ्याबद्दल त्यांचा एकच मंत्र होता : तोंड गार ठेव, जनावर गार राहतं. उन्हात निघण्याआधी घोड्याच्या कपाळावर आणि छातीवर ओलं गोणपाट टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ. येसाजीरावांनी तो मंत्र लहानपणी ऐकला आणि साठीला टेकल्यावर लागू केला कुणाला? तर म्हैसूरच्याच सरस्वतीपुरममधल्या घरापुढं उभ्या असलेल्या एका चिमुकल्या, जुन्या गाडीला. कडक ऊन पडलं की ते भिजवलेलं गोणपाट गाडीच्या पुढच्या जाळीवर ताणून बांधायचे, चारी कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी मारून.

"काय येसाजीराव, आज गाडीला लंगोट का?" असं शेजारचे गंगाधरराव कुंपणावरून विचारायचे. येसाजीराव हसण्यावारी न्यायचे. ज्याची जळते त्यालाच कळते, बाकीच्यांचं काय जातंय?

आणि त्यांची जळत होती, हे खरंच होतं. त्यांची बायको सुमित्राबाई मेटगळ्ळीच्या एका शाळेत गणित शिकवायची. कारखान्यांत काम करणाऱ्यांची पोरं, गणिताच्या नावानं बोंब, आणि तरी "सुमित्रा मिस"च्या तासाला वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल. तिला नसांचा आजार जडला. आजार मोठा विचित्र! अंगाला गारवा असला की ती चारचौघींसारखी चालायची, जिना चढायची, बाजारात जाऊन कोथिंबिरीवरून भांडायची. अंग तापलं की डोळ्यांपुढं धुकं यायचं आणि पाय जायचे. दुखायचे नाहीत, फक्त तिचे राहायचेच नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, "उन्हानं आजार वाढत नाही हो, पण तेवढ्यापुरती वायर तुटते. गार झालं की पुन्हा जोडली जाते."

शाळेला हे कोण समजावणार? फेब्रुवारीत ती एकदा व्हरांड्यात कोसळली, पोरं घाबरली, पालक कुजबुजले. मग शाळेच्या मंडळींनी ठरवलं की एप्रिलमध्ये समिती बसेल. मिसनी स्वतःच्या पायांनी फाटकातून यावं, जिना चढून वरच्या वर्गात जावं, फळ्यापुढं उभं राहून एक धडा शिकवावा. जमलं तर जूनपासून नोकरी आहे, नाही तर नमस्कार. खालचा वर्ग द्या, म्हणून तिनं विनवलं. तिथं लहान मुलं बसतात, म्हणाले. मुख्याध्यापिका कमलाक्षी मेडम एवढंच पुटपुटल्या, "मी तरी काय करू मिस?"

म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या गाडीच्या एसीवर. घरात कूलर होता, शाळेत जिन्याखाली सावली होती. मधला रस्ता तेवढा गार काढायचा. आणि नेमका तो एसी भर उन्हात दगा द्यायचा. सकाळी ठीक, पावसाळ्यात ठीक, आणि ऐन उन्हाळ्यात महत्त्वाच्या कामाला निघालं की तोंडावर गरम फुंकर. येसाजीराव गाडी गॅरेजात घेऊन जायचे. जाण्याआधी मात्र गोणपाट सोडून, गाडी धुऊन पुसून न्यायचे. परक्यापुढं जनावर न्यायचं तर झूल उतरवून, अंग पुसून न्यायचं, हीही घराण्याचीच रीत. गॅरेजवाला एसी लावून बघायचा आणि हात हलवायचा, "एकदम थंड आहे सर, काही बिघाड नाही." घरी येताना येसाजीराव त्याला शिव्या मोजत यायचे. चोर लेकाचा! उन्हात चालवून बघ म्हणावं!

समितीचा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. सुमित्राबाईनं मोरपंखी सुती साडी नेसली, केसांना पाणी लावलं, आणि दिवाणखान्यात जाऊन येऊन चालून दाखवलं. "बघा, कशी चालते!" म्हणाली. खरंच छान चालली. येसाजीरावांनी आधी गाडी सुरू करून एसीपुढं हात धरला. बर्फासारखी हवा! त्यांचा जीव भांड्यात पडला. आज मात्र कसर ठेवायची नाही, असं म्हणून त्यांनी एकाऐवजी दोन गोणपाटं भिजवली, एकावर एक घातली आणि जाळीवर अशी आवळली की वाऱ्यानं काय, वादळानं सुटू नयेत.

निघाले. पहिला रस्ता बरा गेला. ती हळू आवाजात धडा म्हणत होती : त्रिकोण, लंब, पाया. मग कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग लागली आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. हवा कोमट झाली. मग नुसती हवा राहिली. मग गरम फुंकर.

"अय्यो, हे काय हो?"

"येईल गं, येईल गार. जरा थांब." त्यांनी पंखा शेवटच्या खुंटीला नेला. फुफाटा वाढला, तेवढंच. तिनं धडा म्हणणं थांबवलं. ओठांवर घाम, मान सीटला टेकलेली.

"पाणी द्या. तोंडावर मारते."

बाटली त्यांच्याच पायाशी होती. पण त्यांनी बाजूला गाडी घेतली, बाटली उचलली, खाली उतरले आणि सगळं पाणी त्या दोन गोणपाटांवर ओतलं. "आता बघ हं, लगेच गार करतो." गोणपाटं जाळीला गच्च चिकटली. ती आतून बघत होती. त्यांच्यावर तिचा विश्वास होता, काय करणार!

फाटकापाशी तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, आणि तो पाय तिथंच राहिला. तिनं हातानं मांडी उचलली. दुसरा पाय आत. "मला फाटक दिसत नाहीये हो," ती म्हणाली. येसाजीरावांनी तिला काखेत धरलं तेव्हा ती पोत्यासारखी जड लागली. वरच्या खिडकीतून समितीची मंडळी बघत होती. आयानं ऑफिसातली चाकांची खुर्ची ढकलत आणली, आणि सुमित्रा मिस स्वतःच्या शाळेत खुर्चीत बसून गेली.

"अर्धा तास द्या, एखाद्या गार खोलीत बसवा, मग ती चालेल, आईशप्पथ चालेल!" येसाजीराव कमलाक्षी मेडमपुढं हात जोडून म्हणाले. मेडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण समितीतले एक गृहस्थ मवाळ आवाजात म्हणाले, "साहेब, रोज अर्धा अर्धा तास कोण देणार? मिसनी आता विश्रांती घ्यावी." संपलं. जिना चढायची वेळच आली नाही. चार ओळींचा कागद, सही, कुणीतरी लिंबूसरबत दिलं.

ती आत सह्या करत होती तेव्हा येसाजीराव गाडीपाशी आले. परतीच्या वाटेवर तरी तिला गार मिळावं म्हणून गोणपाट पुन्हा भिजवायचं, हाच विचार. गाठी सोडून दोन्ही गोणपाटं त्यांनी नळाखाली नेली, आणि तेवढ्या वेळात गाडी निवावी म्हणून एसी चालू ठेवला. परत येऊन आत वाकले तर हवा गार. चांगली गार. त्यांना आनंदच झाला. भिजवलेली गोणपाटं जाळीवर बांधली, थोडं थांबले, हात धरला. कोमट. आणखी थांबले. गरम.

ते उन्हात उभे राहिले. मग गोणपाट काढलं. थोड्या वेळानं गार. पुन्हा बांधलं. गरम. पुन्हा काढलं. गार.

गाडीच्या पोटातली सगळी धग त्या जाळीतून बाहेर पडायची, वारा आत घेऊन. आणि त्यांनी तिच्या नाकातोंडावर पोतं दाबून धरलं होतं, दर उन्हाळ्यात, दर महत्त्वाच्या दिवशी, आणि आज दुहेरी. घोडा गुदमरला असता तर लाथ तरी मारली असती. येसाजीराव मटकन बोनेटला टेकले. चटका बसला, तरी उठले नाहीत.

आयानं तिला आणून बसवलं. गाडी निघाली. जाळीवर काही नव्हतं. शाळेच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत आत असा गारवा भरला की तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आता गार आलं की हो," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, गिळून टाकावं. कुणाला कळणार होतं? पण घशाखाली उतरेना. "सुमे, माझ्यामुळं झालं. ते गोणपाट. त्यानंच एसी कोंडत होता. मी आत्ता बघितलं, काढून, बांधून. गॅरेजवाला खरं बोलत होता. तुझी नोकरी मी घालवली."

ती समोर बघत राहिली. रस्ता आता मोकळा होता.

"तुम्ही मला पाणी दिलं नाहीत," एवढंच म्हणाली.

"हो."

"साकु, पुरे. आता बोलू नका."

एसी घोंघावत राहिला. बंद करायची त्यांची हिंमत होईना आणि चालू ठेवायचीही लाज वाटत होती. सरस्वतीपुरमला घरापुढं गाडी थांबली तेव्हा काचांना आतून गारठा धरला होता. ते उतरून तिच्या बाजूला धावले, काखेत हात घालायला वाकले.

तिनं त्यांचा हात बाजूला केला. स्वतः दार पूर्ण उघडलं. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. उभी राहिली. फाटकाची कडी काढली. तुळशीच्या कडेनं, सरळ, न अडखळता, ताठ मानेनं, वर्गात शिरावं तशी चालत गेली, आणि ओट्याच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गंगाधररावांच्या घराचीही दारं-खिडक्या उन्हानं बंद होत्या.

वरच्या पायरीवर ती वळली.

"चालले की मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आता हे कुणाला दाखवू?"